मर्चिस्टनचा जहागीरदार

लॉगॅरिथम हा शब्द नुसता कानावर पडला तरी आम्हा कलाशाखेच्या मुलामुलींच्या कपाळावर आठी उमटते. गणिताचा पिच्छा सुटावा म्हणून तर आपण इकडे आलो, मग हे झेंगट इथेही कशाला, असा एकूण भाव असतो. पण अर्थशास्त्रातल्या सांख्यिकीत भूमितीय मध्य काढायची वेळ येते आणि आकड्यांनी गच्च भरलेली ती पातळ पुस्तिका हातात घ्यावीच लागते. त्याच वर्षी मी महाविद्यालयातल्या संगणकाच्या प्रमाणपत्र वर्गाला नाव घातले होते. तिथे सी भाषेत प्रोग्रॅम लिहिताना गणिती फंक्शनांच्या यादीत पुन्हा तोच लॉग भेटला; एक्स्प, पॉव, फ्रेक्स्प अशी आपली भावंडे बरोबर घेऊन. एकच पाहुणा दोन्ही घरी पंगतीला हजर म्हटल्यावर तो मूळचा कुठला, कोणाचा कोण, याची चौकशी करावीशी वाटली. ग्रंथालयात बसून ती केली. जो माणूस सापडला तो माझ्या कल्पनेतल्या गणितज्ञासारखा मुळीच नव्हता. तो प्राध्यापक नव्हता. त्याच्याकडे पदवीही नव्हती. तो एक जहागीरदार होता, आणि गणित हा त्याचा फावल्या वेळेचा उद्योग होता.

जॉन नेपिअरचा जन्म इ.स. १५५० मध्ये स्कॉटलंडमध्ये, एडिंबरो शहराजवळच्या मर्चिस्टन नावाच्या गढीत झाला. वडील आर्चिबाल्ड तेव्हा अवघे सोळा वर्षांचे होते. आई जॅनेट बॉथवेल. तिचा भाऊ अ‍ॅडम हा ऑर्कनी बेटांचा बिशप. या मामाला भाच्याची मोठी काळजी. पोरगा दहा वर्षांचा झाला तेव्हाच त्याने मेहुण्याला पत्र लिहून सुचवले होते, की याला फ्रान्सला किंवा फ्लँडर्सला शिकायला पाठवा, इथे राहून त्याचे भले होणार नाही. तेराव्या वर्षी, १५६३ मध्ये, जॉन सेंट अँड्र्यूज विद्यापीठात दाखल झाला. त्याच वर्षी त्याची आई वारली. विद्यापीठाच्या कागदपत्रांत त्याचे प्रवेशाचे नाव आहे, पदवीधरांत मात्र नाही. पुढे तो परदेशी शिकला असावा असे अभ्यासक मानतात. १५७१ साली तो परत स्कॉटलंडमध्ये होता, एवढे निश्चित.

मग लग्न, जमीनजुमला, संसार. पहिली पत्नी एलिझाबेथ स्टर्लिंग १५७९ मध्ये दोन मुले मागे ठेवून गेली. दुसरी अ‍ॅग्नेस चिझम, तिला दहा मुले झाली. बारा मुलांच्या घरात बसून या माणसाने आकडेमोड केली हे मला त्याच्या शोधाइतकेच नवलाचे वाटते. आमच्या दोन खोल्यांत आम्ही तिघेच भावंडे, तरी अभ्यासाला शांतता मिळायची ती रात्री अकरानंतर. सांगतात, की गार्टनेस इथल्या त्याच्या घराजवळ धबधबा होता आणि पाणचक्कीही. धबधब्याच्या आवाजाचे त्याला काही वाटत नसे, पण चक्कीच्या खटखटीने विचार तुटायचे. मग तो चक्कीवाल्याला ती थांबवायला सांगे. चक्कीवाल्याचे दळण त्यामुळे किती खोळंबले हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

आसपासच्या लोकांना हा इसम चेटक्या वाटे. काळा लांब झगा घालून एकटाच फिरायचा, आणि म्हणे एक काळाकुट्ट कोंबडा पाळलेला. त्या कोंबड्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. घरात चोरी झाली. नेपिअरने नोकरांना सांगितले, की एकेकाने अंधाऱ्या खोलीत जाऊन कोंबड्याच्या पाठीवर हात फिरवून यायचे, चोराचा हात लागला की कोंबडा आरवेल. सगळे जाऊन आले, कोंबडा काही आरवला नाही. मग त्याने सगळ्यांचे तळवे पाहिले. कोंबड्याला त्याने काजळी फासून ठेवली होती. प्रामाणिक नोकरांचे हात काळे झाले होते. ज्याने भीतीने कोंबड्याला हातच लावला नाही त्याचे तेवढे स्वच्छ. गोष्ट खरी असेल, नसेल. पण ती ज्या माणसाभोवती रचली गेली त्याचे डोके कसे चालत असेल, हे तिच्यावरून कळते.

शेतीतही तो प्रयोग करी. जमिनीला खत म्हणून मीठ वापरण्याची पद्धत या घराण्याने काढली, आणि १५९८ मध्ये त्याच्या मुलाला तिचा मक्ता मिळाला. कोळशाच्या खाणीतले पाणी उपसण्यासाठी त्याने फिरत्या स्क्रूचे यंत्र केले. १५९६ च्या एका टिपणात शत्रूची गलबते जाळणारे आरसे आणि आतून गोळ्या झाडता येतील अशी झाकलेली लढाऊ गाडी यांच्या योजना आहेत. स्पेनचे आरमार १५८८ मध्ये चालून आले होते, ते पुन्हा येईल ही धास्ती त्या साऱ्यामागे होती. १५९४ मध्ये तर त्याने रॉबर्ट लोगन नावाच्या एका बदनाम सरदाराशी लेखी करार केला: लोगनच्या किल्ल्यात पुरलेला खजिना शोधून द्यायचा आणि तिसरा हिस्सा घ्यायचा.

आणि धर्म. नेपिअर कडवा प्रॉटेस्टंट होता. बायबलमधल्या प्रकटीकरण या भागावर त्याने १५९३ मध्ये भाष्य छापले, रोमच्या पोपविरुद्ध आग ओकणारे. त्याचे डच, फ्रेंच, जर्मन अनुवाद झाले, आणि युरोपात त्याचे नाव प्रथम झाले ते या पुस्तकामुळे. चरित्रकार म्हणतात, की त्याला स्वतःलाही हेच आपले थोर कार्य वाटे. त्यात त्याने हिशेब करून जगाचा अंत १६८८ ते १७०० या दरम्यान होणार असे काढले होते. कॅथलिक पंथाच्या काही सरदारांनी स्पेनशी संधान बांधल्याचे उघडकीस आले तेव्हा त्यांना शिक्षा करा म्हणून राजा सहाव्या जेम्सकडे जे शिष्टमंडळ गेले त्यात नेपिअर होता. आरोपींत त्याचे सासरे सर जेम्स चिझमही होते. हे वाचताना मी थोडी हिरमुसले, हे खरे. आपल्याला आवडू लागलेल्या माणसाने इतका द्वेष बाळगू नये असे वाटत राहते. पण माणसे आपल्या सोयीने घडत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. त्यासाठी थोडे घरचे सांगते. माझे आजोबा चौथीपर्यंत शिकलेले होते. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी तोंडपाठ होती. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. अडत्या पट्टी मांडत असे तोवर आजोबांचे उत्तर तयार. वडिलांची शाळा मात्र दुसरीत सुटली. ते बाजार समितीत हमाली करतात. त्यांना गुणाकार येत नाही. बारा पोती उचलली तर एका पोत्याचा दर ते बारा वेळा मिळवत जातात, बोटांच्या पेरांवर. वेळ लागतो, पण चूक होत नाही. बेरीज कोणालाही जमते. माणूस अडतो तो गुणाकारापाशी. आणि पाढा म्हणजे काय, तर कोणीतरी एकदा बसून केलेले कष्ट, जे पुढच्यांनी नुसते उचलून वापरायचे.

नेपिअरच्या काळी हीच अडचण मोठ्या लोकांना होती. खगोलशास्त्रज्ञ ग्रहांची स्थाने काढत, दर्यावर्दी जहाजाची जागा काढत, आणि दोघांनाही कोनांच्या ज्या, म्हणजे साइन, लागत. दशांश चिन्ह तेव्हा रूढ झाले नव्हते. अपूर्णांक टाळण्यासाठी त्रिज्याच एक कोटी धरीत, म्हणजे ज्या सात आकडी येई. सात आकडी संख्येला सात आकडी संख्येने गुणायचे म्हणजे एकोणपन्नास छोटे गुणाकार, वर त्यांची बेरीज. एका ग्रहासाठी असे किती करायचे? भागाकार आणि वर्गमुळे निराळीच. हे ओझे कमी करायचे, असे नेपिअरने १५९४ च्या आसपास मनावर घेतले.

कल्पना समजायला सोपी आहे. एका ओळीत लिहा १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. त्यांच्याखाली लिहा ०, १, २, ३, ४, ५, ६, ७. आता ८ ला १६ ने गुणायचे आहे. ८ खाली ३ आहे, १६ खाली ४. तीन नि चार सात. सातच्या वर पाहा, १२८. गुणाकार न करता गुणाकार झाला! खालच्या ओळीतल्या आकड्यांना आपण घातांक म्हणतो. ही गंमत पूर्वीही ठाऊक होती. श्टिफेल नावाच्या जर्मन गणितज्ञाने १५४४ मध्ये ती छापलीही होती. पण ८ आणि १६ यांच्या मधल्या ११ चे, १३ चे काय? वरच्या ओळीत त्यांना जागाच नाही. जगातल्या बहुतेक सगळ्या संख्या त्या फटींतून खाली पडतात.

नेपिअरने फटीच बुजवायचे ठरवले. पायऱ्या इतक्या बारीक करायच्या की दोन पायऱ्यांमध्ये काही पडायला नको. तो एक कोटीपासून निघाला. त्यातून त्याचा एक कोटीवा भाग वजा केला: ९९,९९,९९९. त्यातून पुन्हा त्याचा एक कोटीवा भाग: ९९,९९,९९८.००००००१. अशा शंभर पायऱ्या. मग जरा मोठ्या पावलांच्या पन्नास. मग एकवीस-एकवीस संख्यांचे एकोणसत्तर स्तंभ. या सांगाड्याच्या आधाराने शून्यापासून नव्वद अंशांपर्यंतच्या प्रत्येक कलेच्या ज्येचा लॉगॅरिथम. यामागचा विचार त्याने दोन धावत्या बिंदूंच्या रूपात मांडला आहे. एक बिंदू सारख्या वेगाने कायम पुढे जातो; दुसरा एका ठरावीक टोकाकडे निघालेला, आणि टोक जितके जवळ येईल तितका त्याचा वेग त्याच प्रमाणात कमी होत जातो. पहिल्याने कापलेले अंतर हा दुसऱ्याच्या उरलेल्या अंतराचा लॉगॅरिथम. घातांक संख्येच्या डोक्यावर बारीक लिहायची आपली आजची पद्धत देकार्तने रूढ केली ती १६३७ मध्ये. म्हणजे घातांकाला नीट लिहायची सोय होण्यापूर्वीच या गृहस्थाने घातांकांचा कोश तयार केला होता.

वीस वर्षे लागली. पिसाची लेखणी, आणि करणारा एकटा. दुसऱ्या कोष्टकाच्या शेवटच्या संख्येत एक छोटी चूक राहिली, तीही पुढे झिरपली आणि काही ठिकाणी शेवटचे आकडे बिघडले. १६१४ मध्ये लॅटिन भाषेतले त्याचे पुस्तक निघाले. सत्तावन्न पाने मजकूर आणि नव्वद पाने कोष्टके. नेपिअर चौसष्ट वर्षांचा होता. लोगोस आणि अरिथमोस या दोन ग्रीक शब्दांतून लॉगॅरिथम हा शब्दही त्यानेच घडवला.

हे सगळे मी एका रात्री वडिलांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि एकच विचारले, की तो वीस वर्षे आकडे लिहीत बसला तर त्याचे शेत कोण कसत होते. मला उत्तर येत होते. कुळे कसत होती. १६०८ मध्ये वडील वारल्यावर तो मर्चिस्टनचा धनी झाला. त्याआधीही पोटाची चिंता त्याला कधी नव्हती. चरित्रग्रंथांत त्या कुळांची नावे मला आढळली नाहीत. दर्यावर्द्यांचे नि ज्योतिष्यांचे कष्ट वाचावेत म्हणून खपलेल्या माणसाचे स्वतःचे कष्ट दुसरेच कोणी वाचवत होते. यात नेपिअरची थोरवी कमी होते असे मला वाटत नाही. जहागीरदार पुष्कळ होते, बहुतेकांनी शिकारीत आणि भांडणात दिवस घालवले. पण वडिलांचा प्रश्न ऐकल्यापासून त्या नव्वद पानांकडे मी थोड्या वेगळ्या नजरेने पाहते. ग्रंथालयात दुपारच्या दुपार बसून मी हे वाचत होते तेव्हा पोती कोण उचलत होते, हेही मला ठाऊक आहे.

पुस्तक लंडनला पोचले आणि ग्रेशॅम कॉलेजात भूमितीचे प्राध्यापक असलेले हेन्री ब्रिग्ज त्याने अक्षरशः वेडे झाले. १६१५ च्या उन्हाळ्यात ते थेट एडिंबरोला निघाले. भेटीची हकीकत लिली नावाच्या ज्योतिष्याने पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. ठरल्या वेळी ब्रिग्ज आले नाहीत, नेपिअर निराश होऊन आता ते येत नाहीत असे म्हणतोय तोच दारावर थाप पडली. ब्रिग्जना दिवाणखान्यात आणले. आणि मग दोघे जवळजवळ पाव तास एकमेकांकडे नुसते पाहत राहिले. कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी ब्रिग्जच बोलले. आता समजल्यावर इतकी सोपी वाटणारी ही गोष्ट आजवर कोणालाच का सुचली नाही, याचे त्यांना नवल वाटत होते.

ते महिनाभर तिथे राहिले. कोष्टकांत एक सुधारणा करायची असे दोघांच्याही मनात होते. एकचा लॉगॅरिथम शून्य आणि दहाचा एक धरावा असे ठरले. ही नेमकी रचना नेपिअरने सुचवली. पण पुन्हा सारी आकडेमोड करण्याइतका जोम त्याच्यात उरला नव्हता. ते काम ब्रिग्जनी अंगावर घेतले. १६१६ मध्ये ते पुन्हा येऊन गेले. १६१७ मध्ये पहिल्या हजार संख्यांचे चौदा दशांश स्थळांपर्यंतचे लॉगॅरिथम त्यांनी छापले, १६२४ मध्ये तीस हजारांचे. मधली सत्तर हजारांची दरी व्लाक या डच माणसाने १६२८ मध्ये भरून काढली, दहा स्थळांपर्यंत. विद्यापीठातला प्राध्यापक एका बिनपदवीच्या माणसाकडे शिष्यासारखा जातो आणि पुढली वर्षे त्याचे काम पुरे करण्यात घालवतो. दोघांपैकी मोठा कोण हे मला ठरवता येत नाही.

दहाच्या या पायामुळे जे घडले ते मला संगणकाच्या वर्गात कळले. २ चा लॉग ०.३०१०. २० चा १.३०१०. २०० चा २.३०१०. मागचे आकडे तेच, पुढचा तेवढा बदलतो. मागचे आकडे संख्येत कोणते अंक आहेत ते सांगतात, पुढचा आकडा ती संख्या केवढी आहे ते. पहिल्याला आपण मॅन्टिसा म्हणतो, दुसऱ्याला कॅरॅक्टरिस्टिक. आमच्या पुस्तिकेत फक्त मॅन्टिसा छापलेला असतो, कॅरॅक्टरिस्टिक आपण डोळ्यांनी पाहून लिहायचे. म्हणून एवढ्याशा पुस्तिकेत अणूपासून सूर्यापर्यंत सगळे मावते.

संगणकातही संख्या अशीच दोन कप्प्यांत ठेवतात. पाया दहाऐवजी दोनचा. ४० ही संख्या यंत्राच्या लेखी ०.६२५ गुणिले दोनचा सहावा घात. फ्रेक्स्प या फंक्शनला ४० द्या, ते ०.६२५ आणि ६ असे दोन तुकडे हातात ठेवते. एलडीएक्स्प हे त्याचे उलटे, तुकडे देऊन संख्या परत मिळवायची. १९८५ मध्ये ठरलेल्या मानकाप्रमाणे चौसष्ट बिटांपैकी एक चिन्हासाठी, अकरा घातांकासाठी आणि बावन्न अंकांसाठी. दोन संख्यांचा गुणाकार करताना अंकांचे तुकडे यंत्र खरोखर गुणते, घातांकांची मात्र नुसती बेरीज. मॅन्टिसा हे नाव संगणकवाल्यांनी आपल्या पुस्तिकेतून उसने घेतले खरे, पण त्यांचा मॅन्टिसा म्हणजे लॉग नव्हे, प्रत्यक्ष अंकच. एवढा फरक ध्यानात ठेवावा. आणि यंत्राला ४० चा दोनच्या पायावरचा लॉग विचारला तर? घातांक सहा आधीच वेगळा पडलेला असतो. उरतो ०.६२५ चा लॉग, उणे ०.६७८. दोन्ही मिळून ५.३२२. साऱ्या संख्यांचे लॉग काढता यावे लागत नाहीत. एका छोट्या पट्ट्यातल्या संख्यांचे आले की पुरे, बाकीचे घातांक सांभाळतो. आम्ही पुस्तिका उघडून जे करतो तेच.

दोनच्या पायाचीही नेपिअरला ओळख होती, हे वाचून मी खुर्चीत सावरून बसले. शेवटच्या पुस्तकात, १६१७ मध्ये, त्याने गुणाकाराच्या कांड्या दिल्या आहेत, ज्यांना पुढे नेपिअरची हाडे हे नाव पडले. त्याच पुस्तकात बुद्धिबळाच्या पटावर सोंगट्या मांडून हिशेब करायची एक रीत आहे. घरांच्या किमती १, २, ४, ८, १६, ३२ अशा दुप्पट होत जातात. चाळीस मांडायचे तर ३२ वर एक सोंगटी आणि ८ वर एक. संगणक आज आतून हेच करतो. नेपिअरला स्वतःला हे काम कमी आणि खेळ जास्त वाटे.

त्याच वर्षी ४ एप्रिलला तो गेला. कोष्टके कशी रचली त्याचे विवरण करणारे पुस्तक मागे राहिले होते. ते रॉबर्ट या मुलाने १६१९ मध्ये छापून घेतले. दशांश चिन्हाचा ठिपका आज आपण जसा देतो तसा त्यात आहे. आपल्याकडे बारावी विज्ञानाच्या परीक्षेत आजही गणकयंत्र चालत नाही, लॉगची पुस्तिका चालते.

या पुस्तकाचा आपल्याशी आलेला एक संबंध मात्र सांगायला हवा. एडवर्ड राइट या नौकानयनाच्या जाणकाराने त्याचे इंग्रजी भाषांतर केले. राइट १६१५ मध्ये वारले आणि १६१६ मध्ये त्यांच्या मुलाने ते प्रसिद्ध केले, ईस्ट इंडिया कंपनीला अर्पण करून. कंपनीची जहाजे तेव्हा सुरतेला येऊ लागली होती. वखारवाल्यांचे हिशेब नि जहाजांच्या वाटा सुकर व्हाव्यात म्हणून काही तो मर्चिस्टनला बसला नव्हता, पण अर्पणपत्रिकेवरचे ते नाव पाहून मला पुढचे पान लगेच उलटवले नाही.

योहान केप्लरला तर हे पुस्तक म्हणजे घबाड वाटले. मंगळाच्या कक्षेसाठी त्याने आयुष्याची उमेदीची वर्षे गुणाकारांत घातली होती. नेपिअरची रीत त्याने आपल्या परीने पुन्हा सिद्ध केली आणि १६२७ च्या आपल्या ग्रहकोष्टकांत लॉगॅरिथम वापरले. त्याआधी १६२० सालासाठी ग्रहस्थितीचे जे पंचांग त्याने काढले ते त्याने नेपिअरला अर्पण केले. अर्पणाचे पत्र २८ जुलै १६१९ चे आहे. जर्मन मुलुखात युद्ध पेटलेले होते, बातम्या सावकाश येत. नेपिअरला जाऊन दोन वर्षे झाली होती.